फ्रेंच शिकावयाचें: फुकट कीं विकत?

छत्रपति संभाजीनगराहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता फुलंब्रीवरून जातो. लेणीं पाहावयास निघालेले परदेशी प्रवासी या वाटेनें जातात, आणि त्यांत फ्रेंच बोलणारेहि असतात. तेव्हां या गांवच्या एखाद्या तरुणानें गाइडाचा धंदा मनांत धरून फ्रेंच शिकण्याचा निश्चय केला, तर त्यांत नवल कांहीं नाहीं. अडचण पुढेंच आहे. १८८३ सालीं पॅरिस येथें स्थापन झालेल्या आलियांस फ्राँसेझ या संस्थेचे वर्ग मुंबई-पुण्यास भरतात. तेथें रोज जाणें अशक्य. उरतो हातांतला मोबाइल.

त्यावर फुकटचें आणि विकतचें अशीं दोन्ही दुकानें शेजारीं शेजारीं मांडलेलीं असतात. वडील म्हणतात, फुकट मिळतें त्याला किंमत ती काय? मुलगा म्हणतो, इतकें फुकट मिळत असतां पैसे कां घालवावे? ज्या श्रोत्यांच्या घरीं मुलें मोबाइलवर भाषा शिकत असतील, त्यांस हा संवाद ओळखीचा वाटेल.

फुकटांतील निवडक माल खरोखर उत्तम आहे. फ्रान्सची आंतरराष्ट्रीय नभोवाणी आर.एफ.आय. सोप्या फ्रेंचमध्यें दहा मिनिटांचें बातमीपत्र देते, व त्याची संहिताहि वाचावयास ठेवते. टीव्ही-सांक-मोंद या वाहिनीचे धडे आरंभापासून चढत्या चार पायऱ्यांनीं लावलेले आहेत. उलट विकतचे पुष्कळसे धडे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीं रचलेले. निर्जीव वस्तूसहि लिंग असतें, थोरांस निराळें सर्वनाम लावावें, हें समजाविण्यांतच त्यांचीं पानें खर्च होतात. मराठी मुलास तें आईच्या मांडीवरच कळलेलें असतें. तू आणि तुम्ही यांचा भेद फ्रेंचमध्यें ‘त्यु’ आणि ‘वू’ असा आहे, इतकेंच. मात्र तेथें नपुंसकलिंग नाहीं, आणि चंद्र स्त्रीलिंगी आहे!

मग पैसे कशासाठीं मोजावे? चूक दाखविणाऱ्या माणसासाठीं. ‘त्यु’मधील स्वर मराठींत नाहीं. ओठ ‘ऊ’सारखे गोल करावयाचे आणि जीभ ‘ई’च्या जागीं ठेवावयाची. हें न साधलें तर फ्रेंचमधील ‘रस्ता’ आणि ‘चाक’ हे शब्द सारखेच ऐकूं येतात, आणि पाहुण्यास रस्ता दाखवूं निघालेला गाइड त्याला चाक दाखवूं लागतो. स्वतःची ही चूक स्वतःच्या कानास कळत नाहीं. यंत्र तर ती पुष्कळदां चालवून घेतें.

डेल्फ या सरकारमान्य फ्रेंच परीक्षेकडे पाहिलें तरी हाच हिशेब निघतो. ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें, प्रत्येकास २५ गुण. १०० पैकीं ५० मिळाले तर उत्तीर्ण, पण कोणत्याहि एका भागांत पांचांहून कमी पडल्यास सारें व्यर्थ. पहिल्या दोहोंची तयारी फुकटांत होते. दुसऱ्या दोहोंस गुरु लागतो. तो आतां घरबसल्याहि भेटतो, कारण आलियांसचे वर्ग मोबाइलवरूनहि चालतात.

म्हणून पहिले तीन-चार महिने एक पैहि खर्चूं नये. पुढें पैसे भरण्यापूर्वीं विचारावें: वर्गांत किती जण? लिहिलेलें कोण तपासणार, आणि किती दिवसांनीं? जाहिराती बंद करण्यासाठीं किंवा गुणांचे बिल्ले मिळविण्यासाठीं भरलेली वर्गणी म्हणजे शिकवणी नव्हे. आणि आरंभींचे ‘मोफत’ दिवस संपतांच खात्यांतून रक्कम आपोआप वळती होणार असेल, तर ती तारीख भिंतीवरील कॅलेंडरांत आधींच लिहून ठेवावी.