पवनेचा फेंस आणि वर्गांतील शास्त्र

पृष्ठताणाची व्याख्या तोंडपाठ असलेला विद्यार्थी थेरगांवच्या केजुदेवी बंधाऱ्यावर उभा राहतो. अलीकडच्या वर्षांत तेथें पवना नदी अनेकदां पांढऱ्या फेंसानें झांकलेली दिसली आहे. हा फेंस कां आला, असें विचारल्यास तो निरुत्तर होतो. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. पुस्तकांतील व्याख्या आणि डोळ्यांपुढील नदी यांची गांठच कोणीं घालून दिलेली नसते.

त्यासाठीं मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. श्रोत्यांपैकीं जे शिक्षक असतील त्यांनीं दोन सारख्या बाटल्या घ्याव्या. एकींत नळाचें व दुसरींत नदीचें पाणी अर्ध्यापर्यंत भरून, बुचें घट्ट लावून, दोन्ही वीस वेळां हलवाव्या. नदीचें पाणी मात्र शिक्षकानेंच हातमोजे घालून भरावें. कोणता फेंस अधिक टिकतो, याची मुलांनीं घड्याळ पाहून नोंद करावी. साबणाच्या रेणूचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें, दुसरें पाण्यापासून दूर पळतें. त्यामुळें पृष्ठताण कमी होतो, आणि बंधाऱ्यावरून कोसळतांना पाण्यांत शिरलेल्या हवेचे बुडबुडे लवकर फुटत नाहींत. हें मग निराळें पाठ करावें लागत नाहीं.

पुढचा धडा अधिक मोलाचा आहे. फेंस दिसतांच मुलें एखाद्या कारखान्यास दोषी ठरवितील. परंतु घरोघरच्या धुण्याच्या साबणानें फेंस येतो, तसाच कुजलेल्या वनस्पतींतील द्रव्यांनींही येऊं शकतो. बाटली एवढेंच सांगते कीं, पाण्यांत फेंस धरणारें कांहींतरी आहे. तें कोणाचें, हें ठरविण्यास प्रवाहाच्या वरच्या व खालच्या अंगाचें पाणी निरनिराळें तपासावें लागतें. पुरावा जेथवर नेईल तेथवरच जाणें, हीच खरी शास्त्रीय साक्षरता.

यांत परीक्षेचा वेळ जाईल, ही पालकांची शंका अगदींच अनाठायीं नाहीं. परंतु शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं 1983 सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि शाळा सुटलेल्या मुलांना शेती, वीज व कारागिरीचीं कामें करतां करतां शास्त्र शिकविलें. पुढें हा क्रम नेहमींच्या माध्यमिक शाळांतही गेला. हातचें काम बुद्धीचा वेळ खात नाहीं. तें तिला विषय पुरवितें.

पिंपरी-चिंचवडकरांना प्यावयास पवनेचेंच पाणी रावेत येथून उचललें जातें. त्या नदीविषयीं नेमका प्रश्न विचारणारा व घाईनें निकाल न देणारा नागरिक हवा असेल, तर त्याची घडण शाळेंतच झाली पाहिजे.