परागकणांचा हिशेब : डॉ. देवडीकर यांचे कार्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



श्रावकाच्या घरात मध वर्ज्य. मग मधमाशीवर आयुष्य वेचणाऱ्या शास्त्रज्ञाचे स्मरण या व्यासपीठावरून कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर डॉ. जी. बी. देवडीकर यांच्या कामातच आहे.

देवडीकर हे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतींच्या जनुकशास्त्राचे अभ्यासक. मधमाशीकडे ते वळले ते फुलांच्या वाटेने. महाबळेश्वरच्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा फुलतात. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच. माशी नेमकी कोणत्या फुलावर जाते, हे केवळ पाहून कळत नाही. मात्र तिच्या पायाला चिकटलेले पराग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की झाड ओळखता येते, कारण प्रत्येक वनस्पतीच्या परागकणाची घडण निराळी असते. हे काम डोळे शिणवणारे, आणि त्यात प्रसिद्धी कसली? १९५३ मध्ये देवडीकर आणि सी. व्ही. ठकार यांनी महाबळेश्वरच्या मुख्य मधुवनस्पतींच्या परागांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

१९५९ मध्ये ठकार आणि पी. एन. शाह यांच्यासह त्यांनी सातेरी माशीच्या गुणसूत्रांवर शोधनिबंध लिहिला. आग्या आणि फुलोरी माशीत गुणसूत्रे सातेरीच्या निम्मी, असे या मंडळींचे मत होते. ते टिकले नाही. १९७७ मध्ये युरोपीय माशीसह चारही जातींत मूळ संख्या १६ च असल्याचे दाखवून देण्यात आले. एवढ्या जाणकारांकडूनही मोजणी चुकते, आणि ती दुरुस्त होते ती दुसऱ्या कुणीतरी पुन्हा मोजल्यामुळे. पेढीवरच्या रोजमेळाचीही हीच रीत.

पण देवडीकरांचा खरा ठेवा परागीभवनाचा. एम. सी. सूर्यनारायण यांच्यासह १९७२ आणि १९७७ मध्ये लिहिलेल्या लेखांत त्यांनी मधमाशी आणि पीक-उत्पादन यांचा संबंध मांडला. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मध ही वरकड मिळकत. मुद्दल आहे ते फळधारणेत.

वसईच्या वाडीतला भोपळा किंवा काकडीचा वेल पाहावा. नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. माशी आली नाही तर मादीफूल वाळून गळते. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, म्हणून पराग योग्य ठिकाणी पोहोचतो. ही फुले सकाळी उमलतात. त्याच वेळी कीटकनाशक फवारले तर किडीबरोबर माशीही मरते. मध ज्याने कधी चाखला नाही, त्याच्या ताटातल्या भाजीतही तिचे श्रम असतात.

आता विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींकडे वळू. सज्जाखाली आग्या माशीचे पोळे दिसले की पुष्कळ सोसायट्या औषध फवारणाऱ्याला बोलावतात. एका दुपारी हजारो जीव जातात. डंखाची भीती खोटी नाही. लहान मुले व वृद्ध असतील तर जाणत्या माणसाकडून पोळे हलवून घ्यावे, तोवर तो सज्जा बंद ठेवावा. परंतु आग्या माशी कायमची राहणारी नव्हे. हंगाम संपला की ती आपोआप स्थलांतर करते, आणि पुढे पुन्हा त्याच जागी तीच वसाहत परतल्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी केल्या आहेत.