रुपयाला चिंच लावू नका

मागच्या दिवाळीत मी एक आगाऊपणा केला. देव्हाऱ्यातला सासूबाईंचा राणीछाप रुपया काळा पडला होता. तो मी चिंच-रांगोळीने घासून लख्ख केला आणि कौतुकाने नाणी जमवणाऱ्या मंडळींना दाखवायला नेला. एक काका भिंग लावून म्हणाले, "वहिनी, राणीचं फेशियल केलंत की काय?" दुसरे म्हणाले, "फेशियल कसलं, कातडीच सोलली!" तिथे मीही हसले. घरी आल्यावर मात्र रडू आलं.

त्यांनीच मग समजावलं. हल्ली काही कंपन्या नाणं तपासून त्याला १ ते ७० पैकी आकडा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. घासलेल्या नाण्याला आकडा मिळतच नाही, नुसता शेरा मिळतो. काळा थर चांदीवर आपोआप चढतो. घासताना त्याच्याबरोबर चांदीही जाते.

आता गंमत ऐका. आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपान राजाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला, थेट नहपानाच्या चेहऱ्यावर! पण ती खराबी नव्हे, विजयाची खूण. माझ्या चिंचेला तो मान कुठला?

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कुठे विकायचाय? ठेव परत देव्हाऱ्यात. हळदकुंकू तेवढं आता बाजूच्या वाटीत वाहा."