निवळ पाणी आणि निर्मळ पाणी



कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या पाचांची आपली पंचगंगा. तिचे पाणी सह्याद्रीच्या रानातून येते. तेथील ओहोळात तळाचा खडा न् खडा दिसतो. 1660 सालच्या आषाढात शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडास गेले. त्या वाटेने आजही दर पावसाळ्यात आपली मुले पावनखिंडीपर्यंत चालत जातात आणि तहान लागली की ओंजळीने हेच पाणी पितात. डोंगरचे पाणी ते, त्याला काय होणार, असे आपणही म्हणतो. आम्हांस आज बोलायचे आहे ते या समजुतीविषयी.

डोळ्यांना गढूळपणा दिसतो, जंतू दिसत नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा हा जीव. पेल्यात लाखभर असले तरी पेला निवळच दिसेल. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, पालापाचोळा कुजवणारे. भय आहे ते विष्ठेतून येणाऱ्यांचे. वरच्या अंगाला गुरे चरतात, माणसे परसाकडे बसतात आणि पावसाच्या लोंढ्याबरोबर ते सारे ओहोळात उतरते. तळ्यातले साठलेले पाणीही याला अपवाद नाही. 1884 साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात पटकीचे जंतू रोग्यांच्या आतड्यांत सापडले, तसेच एका तळ्यातही सापडले. काठचे लोक त्याच तळ्यात धूत होते आणि त्याचेच पाणी पीत होते.

म्हणून प्रयोगशाळा पाण्यात ई. कोलाय शोधते. हा आतड्यांतला रहिवासी. तो सापडला की विष्ठा पाण्यात मिसळली, हे उघड झाले. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळू नये, असे भारतीय मानक सांगते. 2023 साली काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळाने कोल्हापुरात आले, तेही शुद्ध करूनच घरोघर द्यावे लागते, ते याचसाठी. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. ती विषाणूंची खरी, पण वाट तीच, दूषित पाण्याची.

उपाय साधा आहे. पाणी गाळावे, खळखळून उकळावे. ते जमत नसेल तर गाळल्यावर क्लोरीनचे औषध घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात मात्र औषधाचा जोर कमी पडतो.

सह्याद्रीचा अभिमान अवश्य बाळगावा. पण येत्या आषाढात मुलगा गडवाटेला निघेल, तेव्हा त्याच्या पिशवीत भाकरीबरोबर उकळलेल्या पाण्याची बाटलीही द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.