काडीमोडाचा जमाखर्च



संसार का मोडतात याची चर्चा चळवळीच्या व्यासपीठांवर पुष्कळ होते. मोडलेल्या संसाराच्या जमाखर्चाची मात्र क्वचितच. दुःखाच्या प्रसंगी पैशाची भाषा अप्रशस्त मानण्याची मध्यमवर्गीय सवय कार्यकर्त्यांनीही उचलली आहे. परिणामी स्त्री नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडते, आणि न्यायालयात तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो पुराव्याचा.

१९८५ च्या शाहबानो निकालावरून जे राजकारण पेटले ते सर्वांना ठाऊक आहे; त्यातील आकडे कोणी ध्यानात ठेवले नाहीत. पती वकील, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या घरात असल्याचे त्या स्त्रीचे म्हणणे, आणि ४३ वर्षांचा संसार. दंडाधिकाऱ्याने १९७९ साली पोटगी ठरविली ती दरमहा २५ रुपये. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैशांवर नेली व सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. त्या काळी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ५०० रुपयांच्या वर पोटगी देताच येत नसे. ही मर्यादा उठण्यास २००१ साल उजाडावे लागले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे. मर्यादा गेली, परंतु नवऱ्याचे उत्पन्न किती हे सांगण्याचा भार बव्हंशी बायकोच्याच शिरावर राहिला.

मूळ अन्याय याहून खोल आहे. गोवा वगळता देशात बहुतेक ठिकाणी विवाहाने संपत्ती सामाईक होत नाही. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याचे घर. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा म्हणून, विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता एकत्र धरली जाते व निम्मा वाटा प्रत्येकाचा मानला जातो. उर्वरित देशासाठी पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ साली राज्यसभेने संमत केले आणि पुढे ते बारगळले. शरद जोशी यांच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे फारसे जमले नाही. तथापि जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावावर करा, असे शेतकऱ्याला सांगण्याचे धैर्य त्यांच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाने दाखविले, हे मान्य केले पाहिजे. समतेवर व्याख्यान देणाऱ्या कार्यकर्त्याच्या घराचा उतारा आजही बहुधा एकट्या त्याच्याच नावावर असतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर सल्ला मागण्यास आलेल्या भगिनीला काय सांगावयाचे? पहिली गोष्ट कागदांची. विवाहनोंदणीचा दाखला, शिधापत्रिका, नवऱ्याची पगारपत्रके, बँकेची पासबुके, आयकर विवरणे, सातबारा व आठ-अ यांच्या नकला घरात असतानाच काढून विश्वासाच्या माणसाकडे ठेवाव्यात. गिरणीतल्या वा सरकारी नोकराचे वेतन लपत नाही. दुकानदार, कंत्राटदार व बागाईतदार मात्र न्यायालयात पोहोचताच कफल्लक होतात. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांवर मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले, शेतकरी कुटुंबांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरविली. खोटे प्रतिज्ञापत्र उघडे पाडण्यास जुनी पावतीच उपयोगी पडते. अर्थात हा नियम दुधारी आहे. स्त्रीनेही स्वतःची कमाई दडवू नये.

दागिन्यांची गोष्ट निराळी. स्त्रीधन हे केवळ तिचे, नवरा त्याचा फार तर राखणदार, हे १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यापासून स्पष्ट आहे. प्रश्न एवढाच, की ते होते हे दाखवावयाचे कशाने? सराफाच्या पावत्या आणि लग्नातील छायाचित्रे साधारणतः सासरच्या कपाटात असतात.

सर्वांत दुर्लक्षित बाब कर्जाची. सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्या गटातील बायकांच्याच नावे कर्ज देतात. पैसा अनेकदा नवऱ्याच्या रिक्षासाठी किंवा दीराच्या लग्नासाठी जातो. संसार मोडला की रिक्षा त्याची आणि हप्ता हिचा. सहकर्जदार म्हणून केलेली सही घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने पुसली जात नाही. बँक दोघांनाही धरते. तेव्हा कोणत्या कागदावर आपली सही आहे याची यादी स्त्रीने आधी करावी, नवी सही थांबवावी, आणि स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते उघडून मजुरीचे व बचत गटाचे पैसे तेथे वळवावेत.

यातून घरे मोडतील, असा आक्षेप काही ज्येष्ठ सहकारी घेतात. ज्या घरात बायकोने पासबुक पाहताच तडा जातो, त्या घराला कायद्याने नव्हे, अंधाराने एकत्र ठेवले होते. बाकी मारहाण होत असेल तर कागदांसाठी एक रात्रही थांबू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि ते घर सासऱ्याच्या नावावर असले तरी तो सांगता येतो, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

गावोगावी आजही चार पंच बसवून मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून घेतली जाते, आणि त्यात ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ ही ओळ हटकून असते. रोख दहा-वीस हजार पुढे ठेवून अंगठा घेतला जातो. अशा लेखाने कायद्याने दिलेला पोटगीचा हक्क संपत नाही, हे कार्यकर्त्याने त्या बैठकीतच उभे राहून सांगावे. हुकूम हाती आल्यावरही काम उरते. थकलेल्या पोटगीची वसुली देय तारखेपासून एका वर्षाच्या आत मागावी लागते; नंतर त्या कलमाखाली तो महिना बुडतो. म्हणून प्रत्येक तालुका कार्यालयात अशा स्त्रियांच्या तारखांची एक वही असावी, आणि ती दर महिन्याला उघडली जावी.