पाणबुडीतील धूळ

पाणबुडी म्हटली की आम्हांस टॉर्पेडो आठवतो. नळांवरचे वेष्टन कोणास आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या गाटो वर्गाच्या पाणबुड्या सुमारे ९५ मीटर लांब, त्यांत साठ ते ऐंशी खलाशी. तप्त नळांवर ॲस्बेस्टॉस गुंडाळलेले असे. दुरुस्तीसाठी ते सोडले की सूक्ष्म तंतू उडत. आणि पाण्याखाली खिडकी कोण उघडणार? तीच हवा सर्वांनी घ्यावयाची.

या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे ब्रिटनमध्ये मेरेवेदर व प्राइस यांनी १९३० सालीच दाखविले होते. परंतु ॲस्बेस्टॉस जळत नाही, आणि पाणबुडीत आगीचे भय मोठे!

त्या युद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या बुडाल्या. जे सुखरूप परतले, त्यांच्यापैकी काहींना मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग नातवंडे खेळविण्याच्या वयात झाला. तंतू शरीरात गेल्यापासून रोग प्रकटण्यास वीस ते पन्नास वर्षे लागतात.

आपल्यापैकी अनेकांनी गोदीत, रेल्वे कार्यशाळेत, वीजकेंद्रात उमेदवारी केली. दम लागल्यास डॉक्टर विडी-सिगारेटचे विचारतील. जुन्या कामाची हकिकत आपणच सांगावी. आणि ते धुळकट कपडे झटकून धुणाऱ्या गृहिणींनीही.