हरवलेल्या अग्निबाणाचा शोध
(केंद्र संमेलनातील भाषण)



उडविलेली वस्तू परत मिळविणे हे उडविण्यापेक्षा अवघड असते. पतंग उडविणाऱ्या प्रत्येक मुलाला याचा अनुभव आहे. छंद म्हणून लहान अग्निबाण सोडणाऱ्यांनी मात्र या अनुभवाचे शास्त्र बनविले. प्राथमिक शाळेतील शिक्षकाने त्या शास्त्राकडे लक्ष द्यावे असे त्यात पुष्कळ आहे.

द्रव इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑबर्न गावी एका शेतात सोडला. तो अडीच सेकंदांत ४१ फूट उंच गेला आणि १८४ फुटांवर जमिनीवर आदळला. पुढे १७ जुलै १९२९ च्या उड्डाणात त्यांनी वायुभारमापक व छायाचित्रयंत्र वर पाठविले. अशी उपकरणे वर जाऊन उपयोग तेव्हाच, जेव्हा ती शाबूत हाती येतात. वर गेलेल्या वस्तूने आणलेली माहिती ती वस्तू सापडल्यावाचून मिळत नाही.

छंदाचे अग्निबाण त्यानंतर पाव शतकाने आले. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचे पादत्राणांचे व्यापारी ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास कागदी नळीचा, बदलता येणाऱ्या लहान दारूच्या नळकांड्यावर उडणारा अग्निबाण तयार केला. त्याला त्यांनी ‘रॉक-अ-शूट’ हे नाव दिले. परत येण्याची छत्री अशी नावातच गोवलेली होती. १९५७ साली त्यांनी आपले नमुने जी. हॅरी स्टाइन यांच्याकडे पाठविले. स्टाइन यांना मोठ्या अग्निबाणांच्या क्षेत्रावरील सुरक्षिततेच्या कामाचा अनुभव होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाचा पहिला उपग्रह आकाशात गेला आणि मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. घरच्या घरी दारू कालवणे जीवघेणे असते. म्हणून तयार नळकांडे, हलकी कागदी नळी, विजेने दूरवरून प्रज्वलन आणि परतीची छत्री, हे या छंदाचे नियमच ठरले.

परतीची रचना अशी असते : नळकांड्यातील दारू जळून संपली की काही सेकंद धूर सोडणारा मंद थर जळतो. तेवढ्या वेळात अग्निबाण आपल्या वेगाने शिखरापर्यंत पोहोचतो. मग एक लहानसा स्फोट होऊन नाकाचा भाग सुटतो आणि छत्री बाहेर पडते. छत्री गरम वायूने वितळू नये म्हणून मध्ये न जळणाऱ्या कागदाचा बोळा ठेवतात. बोळा विसरला तर छत्री चिकटते, अग्निबाण सरळ खाली येतो आणि मातीत रुततो.

छत्री उघडली तरी काम संपत नाही. समजा, अग्निबाण २०० मीटर उंच गेला आणि छत्री त्याला सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरवीत आहे. उतरण्यास ४० सेकंद लागतील. वारा सेकंदाला ४ मीटरचा असेल तर तो १६० मीटर दूर वाहून जाईल. छत्री लहान केली आणि उतरण्याचा वेग ८ मीटर झाला तर २५ सेकंद व १०० मीटर. उतरणे थोडे खडतर होते, पण शोध सोपा होतो. म्हणून जाणते लोक वाऱ्याच्या दिवशी छत्रीच्या मध्यभागी भोक पाडतात किंवा छत्रीऐवजी लांब फीत बांधतात. हा हिशेब सातवीच्या मुलास सहज करता येतो.

शोधाचा खरा प्रारंभ अग्निबाण आकाशात असतानाच होतो. सर्वांनी त्यामागे धावू नये. एकाने जागच्या जागी उभे राहून, वस्तू जिथे दृष्टीआड झाली त्या सरळ रेषेत दूरचे झाड किंवा घर लक्षात ठेवावे. दुसऱ्याने बऱ्याच अंतरावरून तसेच करावे. दोन रेषा जिथे छेदतात तिथे वस्तू असते. एकाच रेषेवर विसंबले तर अंतर कळत नाही. दिशेत केवळ ५ अंशांची चूक झाली तरी २०० मीटरवर ती सुमारे १७ मीटर होते, आणि गुडघाभर पिकात १७ मीटर पुष्कळ असतात. म्हणून शोधणाऱ्यांनी रेषेवर चालत जावे, अंदाजाच्या पलीकडेही पाहावे आणि दोन्ही बाजूंस पसरून परत यावे. शेत दुसऱ्याचे असेल तर आधी मालकास विचारावे.

एका ठिकाणी मात्र शोध थांबलाच पाहिजे. अग्निबाण विजेच्या तारेवर किंवा उंच झाडावर अडकला तर तो सोडून द्यावा, असा या छंदाचा नियम आहे. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास तारेत गुंतलेला पतंग काठीने ओढणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिली असतील. मुलाने चार दिवस खपून केलेली वस्तू त्याला प्राणापेक्षा मोलाची वाटते. तशी ती नाही, हे त्याला संक्रांतीपूर्वीच सांगितले पाहिजे. तार दिसल्यावर सांगण्यास वेळ नसतो.

गावच्या शाळेत दारूचा अग्निबाण उडविण्याचे कारण नाही. रुमालाच्या चार कोपऱ्यांना दोरे बांधून खाली लहानसा दगड लावावा, आणि मोकळ्या मैदानात इतरांस दूर उभे करून शिक्षकाने तो वर फेकावा. मुलांच्या दोन तुकड्या मैदानाच्या दोन टोकांस काठी रोवून दिशा धरतील. नंतर कागदावर प्रमाण घेऊन रेषा काढाव्यात, छेदनबिंदूचे अंतर मोजावे आणि प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावे. अंतर चुकले तर रेषा पुसू नयेत. चूक कोणत्या काठीपाशी झाली, हे मुलांनीच शोधून काढावे.

दिशा, कोन, प्रमाण, वारा आणि वेळ हे सारे पाठ अशा एका तासात एकत्र येतात. हरवलेल्या वस्तूसाठी रडणारे मूल आणि तिची दिशा धरून शांतपणे चालणारे मूल, या दोघांत जे अंतर आहे ते भरून काढणे हे शाळेचे काम होय.